न टोचणारं घोंगडं

"अक्का म्हनल्या, मी काय येत न्हाई. पाय दुखत्यात म्हनून सांग."

ड्रायव्हर अजिनाथनं निरोप दिला आणि तो पायरीवरच घुटमळला. सुंदरबाईंनी हातातलं औक्षणाचं ताट खाली ठेवलं.

"खरंच दुखतायत?"

"कशाचे वहिनीसाहेब! हिरीवरनं भरली घागर घिऊन चालल्त्या. मी धरू का म्हनलो, तर म्हनल्या, तू तुझी गाडी धर."

अंगणात गाड्या लागल्या होत्या. पलीकडं बिरोबाच्या देवळापुढं मांडव पडला होता, आणि "आवाज सोड बे, आवाज!" म्हणून कुणीतरी माइकवाल्याच्या नावानं ओरडत होतं. सुंदरबाईंच्या मुलाची, शिवशंकरची बायको राजनंदिनी आतल्या उंबऱ्याशी तान्ह्या माऊलीला मांडीवर घेऊन बसली होती. त्याला दात येत होते, म्हणून तो तिचं बोट हिरड्यांनी चावत होता. अजिनाथचा निरोप तिनंही ऐकला. सासूबाईंना जे माहीत नव्हतं, ते तिला माहीत होतं.

या घरात निवडणुकीचा अर्ज भरायला जायची एक रीत होती. सुंदरबाईंचे यजमान राधाकिशनराव पहिल्यांदा जिल्हा परिषदेला उभे राहिले, तेव्हा अंगावर धड स्वेटर नव्हता आणि थंडी मरणाची होती. थोरली बहीण साखराबाई, म्हणजेच अक्का, मेंढरं माळावर सोडून पळत आली, आणि स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून तिनं भावाच्या खांद्यावर टाकलं. कपाळाला भंडारा लावला. ते निवडून आले. पुढं आमदारकी आली, मंत्रिपद आलं, एकदा पडलेही. पण घोंगडं कधी चुकलं नाही. दर निवडणुकीच्या साली अक्का आपल्या मेंढरांची लोकर वेगळी काढायची, सूत कातायची, घाटनांदूरच्या विणकराकडून विणून घ्यायची. ते घोंगडं खांद्यावर पडलं की साहेब बिरोबाच्या ओट्यावरून एक वाक्य बोलायचे. ते वाक्य आता तालुक्यातल्या पोरासोरांना पाठ होतं: "हे घोंगडं मानेला टोचतंय, आन् टोचतंय म्हनून मी कोन हाय ते ध्यानात राहतंय."

आणि राजनंदिनीच्या कपाटात जे घोंगडं होतं, ते टोचत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "अक्कांकडं घोंगडंच नाहीये. म्हणून येत नसतील त्या."

सुंदरबाई वळल्या. "लोकर तरी काढून ठेवली असंल की."

"नाही. पोळ्याला मेंढरं विकली ना, ती कातरायच्या आधीच गेली. लोकर अंगावरच गेली सगळी."

सुंदरबाईंनी खाली ठेवलेलं ताट बाजूला सरकवलं. मेंढरं विकल्याचं त्यांना ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच होतं, एका माणसाला सोडून. उन्हाळ्यात माळावर सौर प्रकल्पाचं कुंपण पडायला लागलं, चराई तुटली, आणि पोळ्याच्या सुमाराला अक्काची मेंढरं माजलगावच्या बाजारात गेली. साहेब तेव्हा मुंबईत होते. नंतरही मुंबईतच होते. इथं असले तरी.

"शिवशंकर म्हणाले, एक आण कुठूनतरी. अक्कांनी खांद्यावर टाकलं की झालं अक्कांचंच," राजनंदिनी म्हणाली. "लातूरच्या प्रदर्शनातनं मी आणलंय."

तेवढ्यात पुण्याहून आलेली दीपमाला कॅमेऱ्यासमोरचा दिवा उचलून आत आली. प्रचारासाठी ती एक फिल्म करत होती, साहेबांना घडवणाऱ्या स्त्रियांवर. आई कधीच वारलेली, तिचा फोटो घेऊन झाला होता. बहिणीचा प्रसंग आज होता. राहिली होती बायको.

"काकू, फक्त एक वाक्य. साहेबांच्या यशात तुमचा वाटा काय?"

"त्यांला तिखट सोसत न्हाई," सुंदरबाई म्हणाल्या.

"जरा भावनिक, काकू."

"भावनिकच हाय की बाई. त्यांच्यापायी ह्या घरात लेकरांनी जलमभर सपक कालवण खाल्लं." त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "राजू, आण ते घोंगडं. पिशवीत घाल. मी जाऊन येते."

राजनंदिनीनं माऊलीला कडेवर घेऊन एका हातानं कपाट उघडलं. घोंगडं काळंभोर, कडेला पांढरी रेघ. प्रदर्शनात तिनं पाच-सहा उलगडून पाहिली होती, आणि प्रत्येक गालाला लावून पाहिलं होतं. माऊली झाल्यापासून ती प्रत्येक कापड असंच बघायची. जे सगळ्यात मऊ, ते तिनं घेतलं होतं. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी तिला ते वाक्य आठवलं होतं, आणि तेव्हा प्रदर्शन उठून गेलं होतं.

*

अक्काचं घर वस्तीच्या टोकाला, जिथून माळ सुरू होतो तिथं. मेंढरं कोंडायची जागा, वाघूर, रिकामी होती. तिची सुताची जाळी गुंडाळून खुंटीला टांगलेली. अंगणात एकच तांबडी मेंढी बांधलेली होती. सुंदरबाईंना बघून ती मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायला लागली.

"ही कशी राहिली?" सुंदरबाईंनी विचारलं.

"एक डोळा गेलाय. कुनी घेतली न्हाई." अक्का जोंधळे पाखडत होती, सुपावरची नजर तिनं उचलली नाही. "पाय दुखत्यात म्हनून सांगितलं की. कशाला आलीस?"

"कुठला दुखतोय ते बघाया आले."

"दोन्ही."

"मग घागर कुनी आनली?"

"त्या चोंबड्या अजिनाथाच्या तोंडात काय राहत न्हाई." अक्कानं सूप खाली ठेवलं. "बस. पन वन्सं-वन्सं करून मला नेऊ नगं. मोकळ्या हातानं मी बिरोबापुढं उभी राहनार न्हाई. आजवर कवा राहिले न्हाई."

सुंदरबाईंनी पिशवीतून घोंगडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. अक्कानं ते उलगडलं नाही. आधी मनगटावर घासलं, मग मानेला लावलं. थोडा वेळ तसंच धरलं.

"ह्यानं मेंढरू बघितलंय का गं कवा?"

"लोकरच हाय म्हनं. मशीनवर इनल्याली."

"कुनी आनलं?"

"राजूनं."

"मग तिला बोलू नगं. लेकरवाली बाई हाय, मऊच हुडकनार." तिनं घडी परत नीट केली. "पन मला हे व्हायचं न्हाई, सुंदर. हे टाकून मी त्याला ववाळू, आन् तो म्हननार टोचतंय. सगळा मुलूख ऐकनार. लबाडी ती लबाडीच."

तांबडीनं दाव्याला हिसका दिला. सुंदरबाईंनी रिकामी पिशवी मांडीवर दुमडली. लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा मेंढरांच्या वासानं त्यांना पहिले महिनाभर मळमळायचं, आणि अक्का रोज लिंबू कापून त्यांच्या हातात ठेवायची. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"किसनाला ठावं हाय का, मेंढरं गेल्याली?" अक्कानं भावाबद्दल विचारलं.

"न्हाई."

"पोळ्यापासनं?"

"यळ बघत हुते, वन्सं. तिकीट मिळंल का न्हाई ते चाललंतं. मग मिळालं, मग यादी फुटली, मग ते लोक रुसले…"

"तुझी यळ बघनं," अक्का म्हणाली. आवाज वाढला नव्हता. "तुझ्या यळंत माझी मेंढरं बाजारात गेली."

हे लागलं, कारण खरं होतं. साहेबांना काय सांगायचं, कधी आणि किती, हे एक खातं सुंदरबाईंकडं होतं. कुठल्याच मंत्रिमंडळात ते नसतं. वाईट बातमी जेवणाआधी नाही, ताकाचा पेला हातात दिल्यावर. कुणाचा मुलगा नापास झाला हे लगेच. कुणी पक्ष सोडला हे चपला काढल्यावर. अख्खा जिल्हा साहेबांच्या मूडला घाबरायचा आणि घरात तो मूड सुंदरबाई ताटात वाढायच्या. लोक म्हणायचे, काम व्हायचं तर वहिनीसाहेबांच्या कानावर घाला. त्यांना त्याचा अभिमान होता. आज पहिल्यांदा वाटलं की कानावर घातलेलं बरंच काही तिथंच राहिलं.

"तुमाला काय पायजे, वन्सं? सगळा माळ परत येनार न्हाई."

"सगळा कोन मागतंय? पानवठा कुंपनात गेला. आन् वाट. दिवाळी झाली की घाटाखालनं लोकांची मेंढरं त्या वाटंनं येत्यात, आज्या-पणज्यापासनं येत्यात. ती जानार कुठनं, डांबरीवरनं? एवढंच. पानवठा आन् वाट." अक्का तिच्याकडं बघत म्हणाली. "मी आजवर त्याच्याकडं काय मागितलंय का?"

"न्हाई."

"मग आज मागनार न्हाई. आता मागितलं तर लोक म्हनत्याल, घोंगड्याची किंमत घेतली म्हातारीनं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सुंदरबाई उठल्या नाहीत.

"चला तुमी. टाका हेच त्यांच्या खांद्यावर, आन् एक शबुद बोलू नका. त्यांचं त्यांनाच कळंल. लहानपनापासनं तुमच्या घोंगड्यात झोपल्याला मानूस, मशीनचं वळखनार न्हाई व्हय?"

"आन् न्हाई वळखलं तर?"

"तर मी सांगते. आजच. अर्ज भरायच्या आदी."

"बिरोबाची आन?"

"बिरोबाची."

अक्का उठली. खुंटीवरची चोळी काढून झटकली. "पाय दुखत्यात पन खरंच," ती म्हणाली. "सकाळपासनं एक दुखतोय."

*

राधाकिशनराव ओट्यावर उभे होते आणि त्यांना बरं वाटत होतं. समोर गर्दी होती. तिकिटाची कटकट संपली होती. आणि अक्का येत होती, सुंदरबाईंच्या मागून, हळू, जराशी लंगडत. थकली, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात कुणीतरी कानाशी लागून घाटनांदूरच्या एका नाराज माणसाचं नाव सांगितलं, म्हणून ते तिकडं वळले.

भंडाऱ्याचं बोट कपाळाला लागलं. मग खांद्यावर घोंगडं आलं. त्यांनी वाकून अक्काच्या पायावर डोकं ठेवलं. दरवेळी ती पाठीत एक धपका मारायची आणि म्हणायची, "ऊठ, लोकं बघत्यात." आज धपका आला नाही.

ते उभे राहिले, माइक हातात घेतला.

"बापहो, मायबहिनींनो. ही माजी अक्का. आई गेल्यावर हिनं मला पाठीवर घेऊन मेंढरं राखली. मी बीडला बोर्डिंगात शिकाया गेलतो, तवा हिनं सासर सोडून माझ्यासाठी माळ धरला. मी जो काय हाय, तो ह्या बायांचा हाय. आन् हे घोंगडं…"

गर्दी पुढचं त्यांच्याबरोबर म्हणायला तयार होती. पहिल्या रांगेतली पोरं आधीच हसत होती.

"हे घोंगडं मानेला टोचतंय…"

आणि तिथं त्यांना कळलं की टोचत नाही.

मान सवयीनं थोडी पुढं आली होती, कॉलरच्या वर जिथं लोकर लागायची तिथं. तिथं काहीच नव्हतं. मऊ, कोमट, परक्याच्या घरातल्या पांघरुणासारखं. त्यांनी अक्काकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं बघत होती, नुसती बघत होती. शेजारी सुंदरा. ती जमिनीकडं बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

हे सगळं एका श्वासात झालं. पुढचा श्वास गर्दीचा होता.

"…आन् टोचतंय म्हनून," ते म्हणाले, "मी कोन हाय ते ध्यानात राहतंय!"

टाळ्या पडल्या. हलगी वाजली. दीपमालानं अंगठा वर करून दाखवला. साहेबांनी हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाच त्यांनी पाहिलं की अक्का वळून चालायला लागली आहे. ती अजून एका पायानं लंगडत होती.

*

गाडीत पुढं अजिनाथ आणि शिवशंकर, मागं साहेब आणि सुंदरबाई. वस्ती मागं पडली तसा ढोलांचा आवाज पातळ झाला.

"आवं," सुंदरबाईंनी सुरुवात केली, "तुमाला एक सांगायचंय."

"कुनाचं हाय हे?"

त्यांनी घोंगड्याची कड दोन बोटांत धरली होती. सुंदरबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. म्हणजे कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी ते वाक्य पुरं केलं होतं. यापेक्षा न कळतं तर बरं होतं का, हे त्यांना ठरवता येईना.

"इकत आनलंय. लातूरनं. वन्संनी मेंढरं इकली पोळ्याला. माळावर कुंपण पडलं, चारा-पानी तुटलं."

"आई, आत्ता नको," शिवशंकर पुढून म्हणाला. "अण्णा, अर्ज भरून होऊ दे, मग बोलू."

"आत्ताच बोलायचं," सुंदरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजानं अजिनाथनं वेग कमी केला. "माझी आन हाय."

"कुठलं कुंपण?" साहेबांनी विचारलं.

"सोलरचं, अण्णा. तुमच्या शिफारशीनंच आलाय प्रकल्प. गायरान पडीक म्हणून दिलं." शिवशंकर आता मागं वळून बसला. तो चिडलेला नव्हता, समजावत होता. "शेतातल्या सगळ्या मोटारींना दिवसा लाईट मिळणार आहे. अंधारात पाणी द्यायला गेलेल्या माणसांना साप चावलाय म्हणून तुम्हीच किती वेळा दवाखान्यात नेलंत. गावाला दरसाल भाडं येणार. आणि अक्काला मी म्हणालो होतो की, थोडी मेंढरं ठेवा, चारा मी घरपोच देतो. ती म्हणाली, दावणीला बांधलं तर ते मेंढरू कसलं, पाव्हणा झाला."

एरवी यावर साहेब हसले असते. अजिनाथचा खांदा किंचित हलला.

"पडीक म्हनून," ते म्हणाले. "मी लिहून दिलं, तो माळ पडीक हाय म्हनून?"

"सगळ्या तालुक्याची यादी होती. तुम्ही सही केली."

"मला कुनीच कावून सांगितलं न्हाई?"

शिवशंकर पुन्हा पुढं तोंड करून बसला. बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं मागं पळत होती.

"अक्काच्या दारात मी शेवटचा कवा गेलतो, सुंदरा?"

"तुमीच आठवा."

ते आठवत राहिले. निवडणुकीला अक्का यायची. दिवाळीला, लग्नाकार्याला अक्काच यायची. तिला आणायला गाडी जायची. गाडी पाठवली की आपण गेल्यासारखंच वाटायचं.

"गाडी वळव, अजिनाथ."

"वळवू नगं," सुंदरबाई म्हणाल्या.

अजिनाथनं आरशातून दोघांकडं पाहिलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला नुसती उभी केली. मागच्या सगळ्या गाड्याही थांबल्या.

"वळवून काय करता?" त्या म्हणाल्या. "जाता, तिच्या पाया पडता, रडता. ती च्या करंल. तुमाला बरं वाटंल. तिला काय मिळंल?"

"मग काय पायजे तिला?"

"तिनं मागितलं न्हाई. मी इचारलं म्हनून बोलली. पानवठा आन् वाट कुंपनाच्या भायेर. बास."

"पानवठ्यापाशीच त्यांचं मेन युनिट आहे," शिवशंकर म्हणाला. "अण्णा, त्या लोकांना दुखवून आत्ता, या वेळेला… प्रचाराच्या तोंडावर…"

साहेबांनी हात वर केला. तो गप्प झाला. मग ते बायकोकडं वळले, जसे ते कायम वळत आले होते; मंत्रिपद नाकारायचं की घ्यायचं, तेव्हा, पोरीचं स्थळ, तेव्हा, पडल्यावर घराबाहेर कधी निघायचं, तेव्हा.

"काय करू, सांग."

सुंदरबाईंच्या ओठावर उत्तर आलं होतं. नीट, घडी घातलेलं, त्यांना पेलेल एवढंच. त्यांनी ते गिळलं.

"आज न्हाई सांगनार. मी सांगत गेले आन् तुमी बघायचं इसरत गेलात. आता तुमचं तुमी बगा. मी शेजारी बसते, तेवढं करते."

साहेबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं. त्याची घडी त्यांना नीट घालता येईना. सुंदरबाईंनी दोन टोकं धरली आणि दोघांनी मिळून घातली.

"चल, अजिनाथ," ते म्हणाले.

*

राजनंदिनी माऊलीला घेऊन अक्काच्या अंगणात आली, तेव्हा अक्का तांबडीला शेंगांचा पाला घालत होती. कसं बोलावं हे तिनं वाटेत ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"अक्का, मला गालाला लावून बघायची सवय लागलीय."

"ठावं हाय." अक्कानं हात पुसून माऊलीला घेतलं. "लागतीच. माझी चुलती लेकरू झाल्यावर भाकरीबी फुंकून खायाची, सहा महिनं."

"त्यांनी ओळखलं नाही."

माऊलीनं अक्काच्या नथीकडं हात नेला, तिनं मान मागं घेतली. मग म्हणाली, "वळखलं. बोलताना मधीच थांबला की. तू बघितलं न्हाईस?"

"पण मग पुढं बोलले कसे?"

"पुढारी हाय," अक्का म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि त्यानं राजनंदिनीला जास्त वाईट वाटलं.

मोबाईल वाजला. दीपमालाचा मेसेज होता: लाइव्ह बघा, लगेच. राजनंदिनीनं लावलं आणि मोबाईल अक्कासमोर धरला. कचेरीबाहेरची गर्दी, ढकलाढकली, माइकचे दांडके. साहेब पांढऱ्या शर्टात. खांदा मोकळा. त्या मोकळ्या खांद्यानं ते एकदम लहान दिसत होते, कुणाच्या तरी लग्नात आलेल्या मास्तरासारखे.

"साहेब, घोंगडं कुठंय? दरवेळी घेऊन येता!"

साहेबांनी घसा साफ केला. मागं शिवशंकर उभा होता, खाली बघत. कडेला अर्ध्या दिसणाऱ्या सुंदरबाई, हातात काळी घडी.

"घोंगडं न्हाई," साहेब म्हणाले. "सकाळी खांद्यावर हुतं ते इकतचं हुतं. माझ्या बहिनीकडं आता मेंढरं न्हाईत. तिच्या माळाला कुंपण पडलं. पडीक म्हनून जिमीन दिली, त्यावर सही माझी हाय. वाचल्याबिगर केली. टोचतंय म्हनून मी सकाळी बोललो, तेबी खोटं हुतं."

माइकवाले सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे प्रकल्प रद्द का?"

"रद्द न्हाई. गावाला लाईट पायजे. पन पानवठा आन् मेंढरांची वाट कुंपनाच्या भायेर येनार. अर्ज भरला की मी आधी माळावर जातो. सभा मागनं."

"यानं मतं कमी होतील, साहेब!"

"व्हतील," ते म्हणाले, आणि आत वळले. कॅमेरा हलला, आणि एक क्षण फक्त सुंदरबाई दिसल्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. पदराच्या आड त्यांनी डोळे पुसले की कपाळावरचा घाम, ते कळलं नाही.

राजनंदिनीनं मोबाईल खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि माऊलीला भूक लागली होती.

"अक्का, कुंपण हलेल ना खरंच?"

"बोललाय तर खरं." अक्का माळाकडं बघत होती. नव्या तारा उन्हात चमकत होत्या. "सुंदर हाय संगं. बघू." मग थोड्या वेळानं, "त्याचा आवाज बसलाय गं. आलं-गूळ कुनी देतंय का न्हाई?"

"मी आईंना फोन करते."

"कर."

राजनंदिनी ओट्यावर बसून माऊलीला पाजायला लागली. अक्कानं तांबडीला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरची लोकर दोन बोटांनी विलग केली, मुळापर्यंत बघितली. मग एक झुबका उपटला, तळहातावर चोळून त्याचा वेडावाकडा धागा वळला आणि ओट्यापाशी आली.

"एका मेंढीत घोंगडं व्हत न्हाई," ती म्हणाली. "टोपडं व्हतंय."

तिनं तो धागा माऊलीच्या डोक्याभोवती फिरवला, कानांवरून, मागं मानेपर्यंत. माऊली दूध सोडून बघायला लागला. धागा मानेला लागताच त्यानं अंग आकसलं.

"टोचेल की हो त्याला," राजनंदिनी म्हणाली.

"टोचू दे जरासं," अक्का म्हणाली, आणि मापाची गाठ मारायला लागली. गाठ बसायच्या आत माऊलीनं धाग्याचं दुसरं टोक पकडून तोंडात घातलं.